फॉरमॅट नका मारू, आधी बूट ऑर्डर बघा
एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत, अपडेटनंतर उबंटू गायब, थेट विंडोजच सुरू होतंय असं कुणी विचारलं की कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगून मोकळं! अहो थांबा, ग्रब (सुरुवातीला कोणती सिस्टिम चालू करायची याची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) बहुतेक वेळा जागेवरच असतो, फक्त बूट ऑर्डरमध्ये (मशीन आधी काय सुरू करायचं त्या क्रमात) खाली ढकललेला. चालू करताना एफ२ नाहीतर डिलीट दाबून (मशीनप्रमाणे बदलतं) सेटअपमध्ये जा, उबंटू वर आणा, सेव्ह करा. माझं एवढ्यावरच भागलं, त्याआधी रात्री दोनपर्यंत पेनड्राइव्ह घेऊन बसलो होतो ते सोडा.

नंतर उलटीच तऱ्हा, ग्रबच्या यादीत विंडोज दिसेना. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (मशीनवरच्या बाकीच्या सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगमध्ये बंदच असतो, तो चालू करून उबंटूच्या टर्मिनलात (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो अपडेट-ग्रब' ही कमांड मारली की विंडोज परत यादीत. आणि हो, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवा, नाहीतर लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) नीट माउंट होत नाही, म्हणजे वापरायला उघडत नाही.