टॉप्स क्रोमचा नवा सेट: बॉक्स फोडायचा की सुटी कार्डं घ्यायची?

हिशेबी_हौशी

टॉप्स क्रोम या बेसबॉल खेळाडूंच्या चकचकीत कार्डांचा नवा सेट आला की कॅलिफोर्नियातल्या बे एरियापासून न्यू जर्सीपर्यंतच्या आपल्या मंडळींत तोच प्रश्न सुरू होतो: हॉबी बॉक्स, म्हणजे पाकिटांचा बंद डबा, घेऊ का? माझं मत विचाराल तर घेऊ नका. सेट जमवायचा असो की एखादा रुकी (नव्या खेळाडूचं पहिलं कार्ड) हवा असो, सुटी कार्डं घ्या. आणि तीही पहिल्या आठवड्यात नकोत.

आकडे बघा. २०२४च्या सेटमध्ये साधी कार्डं ३००. हॉबी बॉक्समध्ये २० पाकिटं, पाकिटात ४ कार्डं, एकूण ८०. त्यातून रिफ्रॅक्टर (इंद्रधनुषी झळाळीची कार्डं), रंगीत आवृत्त्या, इन्सर्ट (वेगळ्या रचनेची खास कार्डं) आणि एक सहीचं कार्ड वजा केलं की साधी कार्डं साठेक उरतात असं धरू. एका बॉक्समध्ये कुठलंही कार्ड दोनदा येत नाही, एवढी सूटही देऊ. तरी पाच बॉक्समधून वेगवेगळी कार्डं निघतात सुमारे २००, दहा बॉक्समधून २६८, आणि वीस फोडले तरी तीन-चार राहतातच. याउलट मोठी नावं आणि गाजणारे रुकी सोडले तर साधं क्रोम कार्ड चिल्लर भावात मिळतं. अख्खा सेट जुळवून विकणारेही असतात.

शिवाय २०२१ आणि २०२२ मध्ये याच हॉबी बॉक्समध्ये २४ पाकिटं आणि २ सह्या असायच्या. २०२४ मध्ये पाकिटं २०, सही १. जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्स या क्रीडासाहित्य विकणाऱ्या कंपनीनं टॉप्स विकत घेतली, त्यानंतरचा हा बदल. भाव मात्र त्या मापानं खाली आला नाही.

डबाफोड्या

हिशेब बरोबर, पण प्रश्नच चुकीचा मांडलात. सेट पुरा करायला हॉबी बॉक्स घेतो कोण? तो घेतात रंगासाठी, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या ठरावीक संख्येतच छापलेल्या रंगीत आवृत्त्यांसाठी. निळं १५०, हिरवं ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि सुपरफ्रॅक्टर एकच. सुटं घ्यायला गेलात की आज ज्या पोराचा गवगवा आहे त्याचं नारिंगी कार्ड गवगव्याच्याच भावानं मिळणार. बॉक्समधून निघतं ते अजून कुणाच्या नजरेत न आलेल्या पोराचं. माइक ट्राउट या बड्या खेळाडूचं टॉप्सच्याच २००९च्या बोमन क्रोम ड्राफ्ट सेटमधलं सहीवालं सुपरफ्रॅक्टर ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेलं. २००९ मध्ये तेही कुठल्यातरी पाकिटातच होतं ना?

आणि जुनं कशाला? पॉल स्कीन्स या पिचरचं पदार्पणाच्या जर्सीवरचा पॅच असलेलं, सहीचं, जगात एकच असलेलं कार्ड २०२४च्या क्रोम अपडेट या पुरवणी सेटच्या पाकिटातून निघालं, ते ११ वर्षांच्या मुलाच्या हातात. मार्च २०२५ मध्ये लिलावात ११ लाख १० हजारांच्या आसपास डॉलर मिळाले.

हिशेबी_हौशी

म्हणजे लॉटरीच. मग तिकिटाच्या मागचं बारीक अक्षर तरी वाचा. प्रत्येक आवृत्ती किती पाकिटांत एक, हे प्रमाण कंपनी जाहीर करते. 'एकास २०' लिहिलं म्हणजे २० पाकिटांच्या प्रत्येक बॉक्समध्ये एक मिळणार, असं नाही. ते अख्ख्या छपाईचं सरासरी प्रमाण आहे. एका बॉक्समध्ये दोन निघतील, पुढच्यात एकही नाही. हमी फक्त बॉक्सवर छापलेल्या सहीची.

त्याच प्रमाणावरून छपाईचाही अंदाज येतो. ३०० कार्डांच्या सेटमध्ये सोनेरी कार्ड प्रत्येकी ५०, म्हणजे एकूण १५,०००. समजा सोनेरीचं प्रमाण 'एकास ८०' असेल आणि सगळी सोनेरी त्याच प्रकारच्या बॉक्समध्ये गेली असतील, तर पाकिटं झाली १२ लाख. प्रत्यक्षात ती हॉबी, जंबो (मोठ्या पाकिटांचे) आणि किरकोळ दुकानांतल्या डब्यांत वाटली जातात, म्हणून प्रत्येक प्रकाराचं प्रमाण वेगळं घेऊन गणित करावं लागतं. पण एवढं केलं तरी 'दुर्मीळ, दुर्मीळ' या ओरडण्यातलं पाणी दिसतं. ८०च्या दशकाच्या अखेरीस बेहिशेब छपाई झाली, त्या काळातली बहुतेक कार्डं आज खोक्यानं पडून आहेत.

एडिसनकर

दोघांनीही ब्रेक सोडलात: एक जण बॉक्सची अख्खी केस (पेटी) घेऊन फोडतो आणि एकेका संघाची कार्डं आधीच वेगवेगळ्या लोकांना विकतो. आपल्याला एकाच संघाचं प्रेम असेल तर अख्खा बॉक्स कशाला? केस फोडणाऱ्याकडे त्या संघाची जागा घ्यायची. १२ बॉक्समधलं त्या संघाचं सगळं आपलं.

हिशेबी_हौशी

ब्रेकचं गणित तर आणखी वाईट. ३० संघांच्या जागांच्या किमतींची बेरीज करा आणि केसच्या बाजारभावाशी ताडून बघा. वरचा फरक फोडणाऱ्याचा आणि ब्रेक दाखवणाऱ्या ऑनलाइन मंचाचा, तो तुमच्याच खिशातून जातो. यँकीज, डॉजर्सच्या जागांमध्ये रुकीचा भाव आधीच चढवलेला असतो. ज्या संघाकडे त्या वर्षी धड रुकीच नाही त्याची जागा स्वस्त मिळते, पण हातात येतात फक्त साधी कार्डं, आणि बरेच फोडणारे तीही पाठवत नाहीत. नियम आधी वाचा: साधी कार्डं मिळणार का, दोन संघांच्या खेळाडूंचं एकत्र कार्ड निघालं तर कुणाचं, सहीच्या जागी रिडेम्प्शन (कोड नोंदवून कार्ड नंतर मागवायची चिठ्ठी) निघालं तर त्याचा कोड कोण नोंदवणार.

तिसरी_स्लिप

क्रिकेटवाल्याचा साधा प्रश्न. साधं क्रोम आणि रिफ्रॅक्टर, दोन्ही चकाकतात. ओळखायचं कसं?

प्लेट_अंपायर

दिव्याखाली तिरकं करा. साधं क्रोम आरशासारखं राखाडी चमकतं, रिफ्रॅक्टरवर इंद्रधनुष्याचे पट्टे सरकतात. शंका राहिली तर पाठ बघा, कार्डाच्या क्रमांकाजवळ बहुधा 'रिफ्रॅक्टर' छापलेलं असतं. १९९३च्या टॉप्स फायनेस्टमध्ये रिफ्रॅक्टर पहिल्यांदा आले तेव्हा पाठीवर ही सोय नव्हती. १९९६च्या पहिल्या टॉप्स क्रोममध्ये होती.

दुसरी गोष्ट, पाठीवर अगदी तळाला बारीक अक्षरांत एक कोड असतो. त्याचे शेवटचे आकडे साध्या कार्डापेक्षा वेगळे असतील तर ती फोटो बदललेली, दुर्मीळ आवृत्ती असू शकते. ढिगात टाकण्यापूर्वी रुकी आणि नावाजलेले खेळाडू यांचे कोड तपासा. समोरून दोन्ही फोटो 'ठीकच' वाटतात, म्हणून अशी कार्डं चिल्लरीच्या खोक्यात जातात.

आता मूळ वादाकडे. बॉक्स की सुटं, यापेक्षा क्रोमच्या बाबतीत 'कार्ड कसल्या अवस्थेत आहे' हा प्रश्न मोठा आहे, आणि त्यावर कुणीच बोलत नाहीये. पाकिटातून काढलेलं कार्ड म्हणजे कोरं, निर्दोष, हा गैरसमज. छपाईची रेष कारखान्यातच पडते: बारीक, सरळ, बऱ्याचदा या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुसून जात नाही. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च कार्डाच्या पातळीत धरला की ती दिसते. सुईच्या टोकाएवढे खळगेही तेव्हाच दिसतात. त्यात केंद्र सरकलेलं, म्हणजे दोन्ही कडांच्या पट्ट्या सारख्या नाहीत. पीएसए ही कार्डांची अवस्था तपासून गुण देणारी (ग्रेडिंग) कंपनी; तिच्या सर्वोच्च १० गुणांसाठी पुढच्या बाजूच्या पट्ट्यांची मर्यादा पूर्वी ६०/४० होती, २०२५च्या सुरुवातीपासून ५५/४५ झाली. डाव्या कडेची पट्टी १.८ मिलिमीटर आणि उजवीकडची १.४ असेल तर ते ५६/४४ झालं. डोळ्याला कळतही नाही, पण १० हुकलं.

मग ग्रेडिंगचा हिशेब असा. हे आकडे केवळ उदाहरणादाखल: सुटं कार्ड १५ डॉलरला जातं, पीएसए १० चे ४५ येतात, ९ चे १४. पाठवलेल्यांपैकी निम्म्यांना १० मिळाले तर सरासरी साडेएकोणतीस. ईबेचे १३ टक्के गेले की पावणेसव्वीसच्या आत. ग्रेडिंगचे २५ आणि टपालखर्च वेगळा. हातात काही उरत नाही. न पाठवता तसंच विकलं असतं तर १३ आले असते. अशी कार्डं वीस-वीसच्या गठ्ठ्यानं ग्रेडिंगला पाठवणारे लोक कंपनीचा धंदा चालवतात, स्वतःचा नाही. आणि नशिबानं कार्ड फारच महाग निघालं तर कंपनी वरच्या श्रेणीची फी लावते, तेही लक्षात असू द्या.

डबाफोड्या

साहेब, हाच मुद्दा माझ्या बाजूनं जातो. ईबेवरच्या फोटोत छपाईची रेष दिसते का? विकणारा समोरून एक फोटो काढतो, तोही टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या कव्हरमधून. कार्ड पॉलिश लावून पुसलंय का, ग्रेडिंगला जाऊन परत आलंय का, फोटोवरून काहीच कळत नाही. पाकिटातलं कार्ड निदान माझ्याआधी कुणी हाताळलेलं नसतं. दोष असेल तर कारखान्याचा.

प्लेट_अंपायर

अर्धं मान्य. म्हणून सुटं घेताना तिरक्या उजेडातला छोटा व्हिडिओ मागायचा. जो देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. आणि पाकिटातलं कार्ड फोडणारेच खराब करतात, हेही तितकंच खरं. पाकीट वरच्या शिवणीवर ओढून उघडा, मधोमध फाडू नका. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावलेलं नको. कार्ड कडांनी धरा. चारही कार्डं एकमेकांवर सरकवत बघायची सवय सोडा, चकचकीत थरावर केसासारखे चरे तिथेच पडतात. पेनी स्लीव्हचं (पातळ प्लास्टिकच्या पिशवीचं) तोंड हलकं फुगवून कार्ड आत सरकवा, कारण कोपरा स्लीव्हच्या काठाला अडकला की पांढरा पडतो. मग ३५ पॉइंटचा टॉपलोडर. जर्सीच्या पॅचचं जाड कार्ड त्यात कोंबू नका, त्याला १३० किंवा जास्त लागतो. जाडी मोजूनच घ्या.

मान्सून_मोड

मुंबईतून विचारतोय. बहिणीनं पाठवलेली क्रोम कार्डं जूनमध्ये पन्हाळीसारखी वाकली आहेत. जाड पुस्तकांखाली ठेवू का?

प्लेट_अंपायर

नको. क्रोमच्या कार्डात पुठ्ठा असतो आणि त्याच्या पुढच्या अंगाला चकचकीत फिल्मचा थर. पुठ्ठा हवेतलं पाणी ओढतो, फिल्म ओढत नाही. दमट हवेत पाठ पसरते आणि कार्ड चमकत्या अंगाकडे वाकतं. हीटरच्या कोरड्या हवेत याच्या उलट. वजन ठेवलं तर तेवढ्यापुरतं सपाट होतं, पण आतलं पाणी तिथेच असल्यानं काढलं की पुन्हा वाकतं, वर धुळीचा कण दाबला गेला तर कायमचा खळगा. इस्त्री, हेअर ड्रायर तर विसराच.

स्लीव्ह आणि टॉपलोडरमध्ये घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत ४९ टक्क्यांचं आर्द्रता राखणारं पाकीट आणि एक छोटं आर्द्रतामापक. आठवडा-दोन आठवडे उघडू नका. नुसती सिलिका जेल भरमसाट टाकली तर हवा फार कोरडी होऊन कार्डं दुसऱ्या बाजूला वाकतील, तेव्हा मापक ४५ ते ५० दाखवेल इतपतच. कोकणात, गोव्यात हा डबा पावसाळाभर लागणार.

हिशेबी_हौशी

भारतात राहणाऱ्यांसाठी तर माझा मुद्दा दुप्पट लागू. बॉक्सवर कुरिअर आणि कस्टमचा खर्च चढतो, आणि तो बहुतेक अशा कार्डांवर जातो जी तुम्हाला नकोच आहेत. अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर हवी तेवढी सुटी मागवा, कुणी येणार असेल तेव्हा हातात आणायला सांगा.

कधी घ्यायची? आगाऊ विक्रीत आणि पहिल्या शनिवार-रविवारी भाव सहसा सगळ्यात चढे असतात, कारण माल थोडा आणि उत्साह उदंड. त्यानंतर ब्रेकवाले केसच्या केस फोडत राहतात आणि साधं रुकी, साधा रिफ्रॅक्टर यांचे भाव उतरू लागतात. तीन ते सहा आठवडे थांबा. ईबेवर 'विकलेले' हा फिल्टर लावून शेवटचे दहा व्यवहार बघा. विकणाऱ्यानं मागितलेला भाव म्हणजे बाजारभाव नव्हे.

डबाफोड्या

साध्या रुकीचं ठीक आहे. पण २५चं नारिंगी किंवा ५चं लाल सहा आठवडे तुमची वाट बघत थांबत नाही. २५ पैकी पंधरा कार्डं त्या संघाच्या चाहत्यांकडे गेली की ती कपाटात गेली, पुन्हा बाजारात येत नाहीत. तिथे दिसलं की घ्यायचं, नाहीतर बॉक्सवर नशीब आजमावायचं. आणि सगळेच तुमच्यासारखे थांबले तर ती स्वस्त सुटी कार्डं येणार कुठून? आमच्यासारखे फोडतात म्हणून तुमचा सेट चिल्लरीत होतो.

हिशेबी_हौशी

त्याबद्दल आभारी आहे. फोडत राहा.

एडिसनकर

बॉक्स घ्यायचाच असेल त्यानं निदान बाहेरचं प्लास्टिक बघून घ्या. टॉप्सच्या बॉक्सवरच्या आवरणावर कंपनीचं चिन्ह छापलेलं असतं. साधं पारदर्शक, सैल किंवा कोपऱ्यात वितळून जाड झालेलं दिसलं तर पुन्हा बंद केल्याचा संशय धरा. आणि फोडलेल्या बॉक्समधलं 'उरलेलं' सुटं पाकीट कधी घेऊ नका. सही आधीच निघालेली असते, म्हणून तर ते उरलेलं असतं. किरकोळ दुकानातल्या टांगलेल्या पाकिटांत तर लोक बोटांनी जाड कार्ड चाचपून जातात.

तिसरी_स्लिप

ठरलं, आधी रिफ्रॅक्टरच. खेळाडू डॉजर्सचा चालेल ना, की यँकीजवाल्या मेव्हण्याशी बोलणं बंद होईल?

डबाफोड्या

डॉजर्सच्या ओहतानीचं २०१८चं क्रोम रुकी, क्रमांक १५०, दाखवा त्याला. त्यावर तो एंजल्सच्या जर्सीत आहे, भांडण टळेल. भाव मात्र बसून ऐका.