आधी नेक बघा, पिकअप नंतर

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेताना पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग) कोणते आहेत ते आधी बघा, असं काही जण सांगतात. पण पिकअप बदलता येतात हो, वाकलेल्या नेकचं, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचं, काय करणार? जाड सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकाच वेळी दाबायची आणि सातव्या फ्रेटपाशी डोळा लावायचा. तिथे तार आणि फ्रेटच्या मधून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं (साधारण ०.२५ मिमी) तर उत्तम. फट जास्त दिसली तर विकणाऱ्यालाच ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवून दाखवायला सांगा. मी पहिल्या खरेदीत इथेच फसलो. रॉडच्या नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते, ॲलन की (षटकोनी पाना) नुसतीच गरगरायची.

मग पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक तारांखाली नख फिरवा. खोल खाच लागली तर नवे फ्रेट बसवावे लागतील, आणि स्वस्त गिटारला तो खर्च परवडत नाही. आवाजाचे नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) ती बहुतेकदा जाते. भाव करताना मात्र विकणाऱ्याला ती खरखर नीट ऐकवा! मुंबई-कोकणातली गिटार असेल तर ब्रिजचे (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) बारीक स्क्रू गंजलेत का तेही बघा.