'स्पेस' वाद्यवृंद : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

डोक्यावर अंतराळवीरांची शिरस्त्राणे चढवून १९७७ साली 'मॅजिक फ्लाय' ही शब्दविरहित धून घेऊन आलेला 'स्पेस' हा फ्रेंच वाद्यवृंद आपल्याकडे नावाने फारसा कोणाला ठाऊक नव्हता. त्याच्या धुना मात्र कॅसेटींवरून कानी पडत राहिल्या. संगीतकार दिदिए मारुआनी तेव्हा दुसऱ्या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करारबद्ध होते, म्हणून धुनेवर 'एकामा' हे टोपणनाव आले आणि चेहरे काचेआड गेले. पुढे तोच वेष या मंडळींची ओळख ठरला. आपल्या भागात ज्यांनी हे संगीत ऐकले, वाजवले किंवा नापसंत केले, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सांगली :
एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून सॅल्यूत-७ स्थानकावर गेले आणि त्या वर्षी आमच्या गणेशोत्सव मंडळाने हलत्या देखाव्यासाठी अंतराळयानच निवडले. यान वर चढताना काय वाजवावे, हा प्रश्न आखातातून रजेवर आलेल्या एका कार्यकर्त्याच्या कॅसेटीने सोडवला. 'मॅजिक फ्लाय'मध्ये शब्द नसल्यामुळे निवेदन तिच्यावर सहज बसले, आणि ठेका इतका एकसारखा होता की पडद्यामागच्या मुलांना दोरी केव्हा ओढायची हे त्यावरूनच कळे. आरतीच्या वेळी ती बंद ठेवावी, अशी ज्येष्ठांची अट होती. ती योग्यच होती. ब्रिटनमध्ये ही धून लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती आणि अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली यांच्या निधनानंतर गाजलेल्या त्यांच्याच 'वे डाउन' या गाण्यामुळे तिचे पहिले स्थान हुकले, हे मला बऱ्याच वर्षांनी समजले.

मिरज :
आमच्या घरी तंबोरे आणि सतारी घडवल्या जातात, त्यामुळे विजेच्या वाद्यांविषयी वडिलांचे मत कडक होते. तरीही मला एक साम्य जाणवले. जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग घासून आम्ही तारेच्या नादातले वरचे स्वर कमी-अधिक खुलवतो, आणि सिंथेसायझर या विजेच्या वाद्यावर फिल्टर (नादातले काही स्वर अडवणारी सोय) उघडत-मिटत जवळपास तेच साधले जाते. आमच्याकडे त्यासाठी कानस लागते, तेथे बटण फिरवले की झाले. या वाद्यवृंदाच्या सगळ्याच रचना मला रुचल्या असे नाही. मॅडलिन बेल यांनी गायलेले 'कॅरी ऑन, टर्न मी ऑन' हे त्या काळच्या इतर डिस्को गाण्यांहून फारसे निराळे वाटत नाही, उलट निव्वळ वाद्यांच्या रचना पेटीवर काढल्या तरी उभ्या राहतात, आणि चालीची खरी कसोटी हीच आहे असे माझे मत आहे.

कराड :
माझ्याकडे 'स्पेस' नव्हते. सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्तात मिळालेली रिगा शहरातील 'झोडियाक' या वाद्यवृंदाची 'डिस्को अलायन्स' (१९८०) ही तबकडी होती. दोन्हींचे नाते कानाला लगेच कळते.

सातारा :
यवतेश्वरच्या बाजूला विद्यार्थ्यांना आकाशदर्शनासाठी नेताना मी या धुना लावत असे. १९८३ मध्ये मारुआनी यांनी सोव्हिएत संघात मोठे कार्यक्रम केले आणि १९८७ च्या 'स्पेस ऑपेरा'ची सीडी अंतराळवीरांनी मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकावर नेली, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले की पोकळीत आवाज जातच नाही, मग तेथे ती ऐकणार कशी. स्थानकाच्या आत हवा असते, हे समजावून सांगण्यात त्या दिवशी गुरूचे निरीक्षण लांबले.