मिशनच्या शाळेतला धर्माचा तास : 'बंद करा' म्हणणाऱ्यांना उत्तर

खडूफळा : कालच्या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, 'अनुदान सरकारचं, पगार सरकारचा आणि तास येशूचा. वसईतल्या मिशनच्या शाळांतला हा धंदा बंद करा.' धंदा! मी इथल्याच एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आठवी ते दहावीला हा तास घेते, तर ऐका. घंटा झाली की कॅथलिक मुलं माझ्याकडे, बाकीची मूल्यशिक्षणाला शेजारच्या वर्गात. बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन कुणाच्या मागे धावत नाही मी.

नववीची मुलं काय विचारतात माहितीय? 'टीचर, डार्विन खरा की आदाम?' एकीनं विचारलं, 'आजीसाठी आम्ही रोज जपमाळ केली, तरी ती का गेली?' धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. पुस्तक मिटलं आणि बायबलमधल्या ईयोबाची, काही चूक नसताना सगळं गमावलेल्या माणसाची, गोष्ट सांगितली. त्यालाही देवानं सरळ उत्तर दिलं नाही म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज, 'मग तो गप्प का बसला?' बाकीचा तास त्यातच गेला. असा तास दुसऱ्या कुठल्या विषयात होतो, दाखवा.

आणि काळजी नसावी. दिवाळीनंतर दहावीचा हा तास बीजगणित गिळतं. पोर्शन संपेपर्यंत धर्मप्रसार स्थगित!

माजी_विद्यार्थी : टीचर, तासाचं ठीक. सकाळच्या प्रार्थनेचं काय? मी हिंदू घरातला. पाचवी ते दहावी रोज क्रूसाची खूण करून प्रभूची प्रार्थना म्हटली. घरच्यांना कुणी विचारलं नाही. घटनेचं कलम २८(३) काढून वाचा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवायचं तर संमती लागते, अल्पवयीनाच्या बाबतीत पालकांची. प्रवेशाच्या अर्जावर तसा रकाना होता का?

बावखल : आले घटनातज्ज्ञ! वर्गात सरस्वतीचा फोटो, गॅदरिंगला गणेशवंदना, ती संस्कृती. आमचा तो धर्म. जिल्हा परिषदेच्या शाळा सरकारी पैशांवर चालतात, तिथे २८(१) प्रमाणे धार्मिक शिक्षण मुळीच चालत नाही. तिथे कधी कलमं वाचलीत?

माजी_विद्यार्थी : तिथलंही चूकच म्हणतो मी. मग तुमचं बरोबर कसं झालं, ते सांगा.

बावखल : कलम ३० नं. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क आहे. नसेल पटत तर दुसरी शाळा होती ना? पण नाही, शिस्त मिशनचीच हवी.

आगाशीकर_बाबा : मी कॅथलिक, तरीही तास नको म्हणतो. रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, धर्मशिक्षण होतंच, दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची) तयारीही चर्चमध्येच. वर शाळेत या तासाला गुण देतात! चर्चच्या सात संस्कारांचा क्रम चुकला म्हणून माझ्या मुलीला दहापैकी चार. घरी येऊन म्हणते, 'बाबा, मी धर्मात नापास होता होता वाचले.' त्या दिवसापासून तिला रविवारी उठवणं म्हणजे युद्ध.

कुपारी_आजोबा : मुलगी कुठल्या माध्यमात?

आगाशीकर_बाबा : इंग्रजी. संबंध काय?

कुपारी_आजोबा : सगळा संबंध तोच. घरात आजी कादोडी, आपली वसईची बोली, बोलणार, नात रोझरी (जपमाळ) इंग्रजीत म्हणणार, दोघी एकत्र गुडघे टेकणार कशा? थॉमस स्टीफन्सनं १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापून घेतलं. परदेशी माणूस तो! आमच्या पोरांना त्यातली एक ओवी वाचता येत नाही. फादर दिब्रिटोंनी आख्खं बायबल सुबोध मराठीत आणलं, घरोघरी ते शोकेसमध्ये. धर्माचा तास कसला वाचवताय, मराठी तुकड्या वाचवा.

आगाशीकर_बाबा : आजोबा, तुमची नातवंडं कुठल्या शाळेत जातात तेही लिहा की.

कुपारी_आजोबा : सून ऐकते का माझं?

बावखल : 😂 संपली चळवळ.

खडूफळा : हसू नका. माझ्या शाळेत पाचवीची एक तुकडी भरायला आम्ही मे महिन्यात दारोदार फिरतो. मराठीत शिकवा म्हणणाऱ्या किती घरांतून 'पुढच्या वर्षी बघू' ऐकलंय! फादरांच्या नातलगांच्या घरांतूनसुद्धा. मिशनला शिव्या घालताना हेही बोला.

माजी_विद्यार्थी : मराठीचा धागा वेगळा काढा. माझा प्रश्न तिथेच आहे. रकाना होता की नव्हता?

खडूफळा : नव्हता. छापा म्हणून सांगीन. सही नसेल त्या मुलानं प्रार्थनेच्या वेळी नुसतं उभं राहावं, माझी हरकत नाही. त्याच अर्जावर 'हा तास बीजगणिताला द्यावा काय' असाही रकाना घालायला लावते, मग बघू किती पालकांना देवाची चिंता आहे.

माजी_विद्यार्थी : चला, घटना लागू झाली म्हणायची. टोमण्यासकट मान्य.

आगाशीकर_बाबा : आणि गुणांचं काय? त्यावर टीचर सोयीस्कर गप्प.