कॅबचालकाशी प्रवासात कितपत बोलावे?

सोलापूरकरीण (प्रश्न)

मी मूळची सोलापूरची असून नोकरीनिमित्त वाकडला राहते. लोहगाव विमानतळापर्यंत आणि अधूनमधून द्रुतगती मार्गाने थेट मुंबईपर्यंत ॲपवरून मागवलेल्या कॅबने जाणे होते. आमच्याकडे शेजारच्या प्रवाशाशी न बोलणे म्हणजे शिष्टपणा समजला जातो. एसटी स्थानकाबाहेर पडेपर्यंत गाव, पाहुणेरावळे आणि पाऊसपाणी विचारून झालेले असते. कॅबमध्ये मात्र ओटीपी सांगून झाल्यावर पुढे काय बोलावे, हे उमगत नाही. गप्प बसावे तर समोरच्या माणसाची दखलच घेतली नाही असे वाटते आणि बोलावे तर त्याचे लक्ष विचलित होईल की काय, अशी शंका येते. कोणते विषय टाळावेत, चालकानेच खासगी चौकशी सुरू केली तर काय करावे आणि आपल्याला लॅपटॉप उघडून काम करायचे असेल तर ते न दुखावता कसे सांगावे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

ठाणेकर

गप्प बसण्यात काहीही गैर नाही, हे प्रथम मनाशी ठरवून टाकावे. बसताना नमस्कार करणे, रस्त्याविषयी काही सांगायचे असल्यास ते सुरुवातीलाच सांगणे आणि उतरताना आभार मानणे, एवढ्याने रीतभात पुरी होते. अमेरिकेत उबरने २०१९ साली महागड्या श्रेणीतील प्रवाशांना शांतता हवी असल्याचे ॲपमधूनच कळवण्याची सोय दिली होती. मला तो प्रकार काहीसा उर्मट वाटतो. "दादा, मला थोडे काम आहे, मी लॅपटॉप उघडते," एवढे तोंडाने सांगितले तर कोणीही दुखावत नाही.

टाळण्याचा विषय म्हणाल तर "महिन्याला किती सुटतात?" हा प्रश्न. बँकेतल्या अधिकाऱ्याला किंवा डॉक्टरला तो विचारण्याची आपली हिंमत होत नाही, चालकाला मात्र आपण बिनदिक्कत विचारतो. त्यातून प्रवास संपल्यावर त्याला तारे देण्याचे आपल्या हाती असल्यामुळे, प्रश्न नकोसा झाला तरी तो विषय झटकून टाकू शकत नाही, ही गोष्ट मागे बसणाऱ्याने कधीच विसरू नये.

पिंपरीचा चालक

मी बीड जिल्ह्यातला असून पिंपरीत राहून कॅब चालवतो. ताऱ्यांविषयी वर लिहिले आहे ते खरे आहे. प्रवाशाचे राजकारणावरचे मत कितीही विचित्र असले तरी आम्ही "हो ना साहेब" म्हणतो, त्यामागचे कारण तेच आहे.

विषयाइतकीच वेळही पाहावी, असे माझे म्हणणे आहे. चांदणी चौकात नवे पूल झाल्यापासून कोणता रस्ता कोथरूडकडे उतरतो, कोणता मुळशीकडे जातो आणि कोणता साताऱ्याकडे, हे नकाशातली बाई ऐन वळणावर सांगते; नेमका त्याच क्षणी मागून प्रश्न आला तर तिचे वाक्य बुडते आणि एकदा वळण हुकले की दोघांच्याही वाट्याला लांबचा वळसा येतो. फेरी संपत आली की पुढच्या भाड्याची सूचना पडद्यावर येते आणि ते घ्यायचे की सोडायचे, हे काही सेकंदांत ठरवावे लागते. त्या वेळी आमचे उत्तर तुटक आले तर राग मानू नये. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतच्या उतारावर तर मी कोणाशीच बोलत नाही, कारण उत्तर देताना मान वळली नाही तरी नजर आरशाकडे जाते आणि तिथे ती पुढच्या ट्रेलरवर असावी लागते.

"गाव कोणते?" हा प्रश्न आम्हाला आवडतो. त्यावरून पाऊस, कापूस, ऊसतोडीला गेलेली माणसे असे बोलणे निघते आणि हडपसरची कोंडीसुद्धा सुसह्य होते. त्यापाठोपाठ "आडनाव काय?" असे आले की कसली चाचपणी चालली आहे, हे लगेच कळते. ॲपवर दिसणारे नाव प्रवासापुरते पुरेसे असते. वय कमी दिसले म्हणून लगेच अरेतुरेवर येणारे लोकही बरेच भेटतात. त्यांच्याशी पुढे बोलावेसे वाटत नाही.

आमच्या बाजूनेही एक खुलासा करतो. गाडी येण्याआधी आम्ही फोनवर "रोख देणार की ऑनलाइन?" असे विचारतो, त्याचा प्रवाशांना राग येतो. सीएनजीच्या रांगेत तास घालवल्यावर पंपावर पैसे तिथल्या तिथे मोजावे लागतात, आणि ऑनलाइन भाड्याचे पैसे बऱ्याचदा उशिरा मिळतात, म्हणून तो प्रश्न असतो. शेवटी एक विनंती अशी की, मागे बसून फोनवर घरातली भांडणे सोडवताना चालकाला कान नाहीत, असे धरून चालू नये. आम्हाला ते ऐकायचे नसते, पण गाडी सोडून जाताही येत नाही.

कर्वेनगरची वाचक

प्रश्नकर्तीच्या खासगी चौकशीच्या मुद्द्यावर कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. "इथेच राहता का?" हा प्रश्न बहुतेक वेळा गाडी सोसायटीच्या आत न्यायची की फाटकाशी थांबवायची, एवढ्यासाठीच असतो आणि त्यात वावगे काही नसते. "एकट्याच राहता का?", "रोज याच वेळी येता का?" असे प्रश्न मात्र त्या कामाचे नाहीत. त्यांना खरे उत्तर देण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही; "घरचे खाली उभे आहेत" असे सांगून मोकळे व्हावे. ॲपमधून प्रवासाचा दुवा घरच्यांना पाठवावा आणि तो पाठवल्याचे फोनवर चालकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलावे. अस्वस्थ वाटले तर आपल्या इमारतीऐवजी वर्दळीच्या चौकात उतरावे, आणि प्रसंग तसाच आला तर ११२ क्रमांक लावताना समोरच्याला काय वाटेल याचा विचार करू नये.

दादरचा ज्येष्ठ नागरिक

रात्रीच्या प्रवासाबाबत माझे मत वेगळे आहे. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी चालकाला दिवसात बारा तासांहून अधिक काळ लॉगिन राहू देऊ नये, असे म्हटले असले तरी हप्ते फेडणारा माणूस त्यानंतरही गाडी चालवतो, हे उघड आहे. त्यामुळे पुण्याहून मध्यरात्री निघालो असता मी मुद्दाम बोलत राहतो. चालकाला डुलकी लागण्यापेक्षा थोडा आगाऊपणा पत्करलेला बरा.

पिंपरीचा चालक

काका, आपला हेतू चांगला आहे, पण झोप अनावर झालेला माणूस बोलता बोलताही डुलकी घेतो. तोंडाने "हो, हो" चालू असते आणि डोळे मिटलेले असतात. निघतानाच "जेवण झाले का, झोप झाली का?" असे विचारावे. जांभया दिसू लागल्या तर फूड मॉलवर "चहा घेऊ या" म्हणून गाडी थांबवायला सांगावे. उशीर होईल म्हणून आम्ही स्वतःहून थांबत नाही, प्रवाशाने सांगितले तर मात्र थांबतो. तोंडावर पाणी मारून वीस मिनिटे आसन मागे करू दिलेत तर पुढे पनवेलपर्यंत एक शब्दही बोलण्याची गरज पडणार नाही.