तंत्रज्ञानाच्या पानावर रोजची बातमी हवी की इतिहास?

धरमपेठकर (चर्चाप्रस्ताव)

मराठी वृत्तपत्रांतील तंत्रज्ञानाचे पान मी नियमितपणे वाचतो आणि त्याचे स्वरूप बदलावे असे मला कळकळीने वाटते. कोणत्या कंपनीने नवा फोन आणला, त्याचा कॅमेरा किती क्षमतेचा आहे, कोणत्या नवउद्योगाला किती कोटींचे भांडवल मिळाले, यातच त्या पानाची बहुतेक जागा जाते आणि महिनाभराने त्यातील एकही ओळ कुणाच्या उपयोगी पडत नाही. माझा प्रस्ताव असा आहे की, या पानाची निम्मी जागा दररोज तंत्रज्ञानाच्या इतिहासातील त्या तारखेच्या एका घटनेला द्यावी आणि ती घटना तिच्या कारणांसह सविस्तर सांगावी.

आपल्या नागपूरचेच उदाहरण घेतो. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले त्याच दिवशी, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोहोचली होती आणि वऱ्हाडचा कापूस जवळ होता. पुढे १८८०च्या दशकात या मिलमध्ये सूत कातण्याच्या नव्या यंत्राची, रिंग चातीची, चाचणी घेण्यात आली. त्या काळी इंग्लंडमधील कापडउद्योगाचे केंद्र असलेल्या लँकेशायरचा भर म्यूल या जुन्या कताईयंत्रावर होता. म्यूलमध्ये सुताला पीळ देणे आणि ते गुंडाळणे या क्रिया आळीपाळीने होतात. रिंग चातीवर त्या एकाच वेळी अखंड चालतात आणि त्यासाठी म्यूल चालवणाऱ्याइतका मुरलेला कारागीर लागत नाही. नागपूरने नवी पद्धत स्वीकारली, लँकेशायर मात्र विसाव्या शतकातही बराच काळ म्यूललाच धरून राहिले. जुन्या यंत्रात जगाच्या पुढे असलेला प्रदेश नव्या यंत्राच्या बाबतीत मागे का पडतो, हे ज्या विद्यार्थ्याला समजले, तो कृत्रिम बुद्धिमत्तेची आजची बातमी अधिक जाणतेपणाने वाचेल.

इतवारीकर

धरमपेठकर यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, परंतु त्यांनी दिलेले उदाहरण त्यांच्याच प्रस्तावाच्या विरोधात जाते. रिंग चाती ही त्या काळची ताजी बातमी होती, निदान हिंदुस्थानातील गिरणीमालकांसाठी तरी. जमशेटजींनी ती वेळेवर ऐकली, तपासली आणि निर्णय घेतला. ते जुन्या यंत्रांच्या कथा वाचत बसले असते तर आज त्यांचे उदाहरण देण्याची वेळच आली नसती.

बातमीला मुदत असते, हीच तिची किंमत आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमानसेवा कोलमडली आणि आपल्या देशातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या सकाळी ज्याच्या संगणकाचा पडदा निळा पडला, त्याला हा व्हायरस नाही, घाबरून सगळा डेटा पुसू नका, एवढे सांगणारा कुणीतरी हवा होता. डिजिटल अटकेच्या नावाने वृद्धांना तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवून लुटले जाते; कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, हे पंतप्रधानांनाही ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगावे लागले. आमच्या बाजारपेठेतील किती तरी व्यापारी साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांचा सारा व्यवहार आता यूपीआयवर आहे. फसवणुकीची नवी रीत त्यांना त्याच दिवशी कळली पाहिजे. ती जागा कमी करून इतिहास छापणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

धरमपेठकर

इशारे कमी करा, असे मी म्हटलेले नाही. फोनच्या जाहिरातवजा बातम्या कमी करा, असे म्हणतो आहे. शिवाय क्राउडस्ट्राइकची बातमी इतिहासाशिवाय अर्धवटच राहते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म या छोट्याशा प्रोग्रॅमने तेव्हाच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले होते. तो प्रोग्रॅम स्वतःहून पसरला, तर २०२४ मधील फाइल कंपनीनेच पाठवली होती. पण असंख्य संगणक एकाच आज्ञावलीवर विसंबून असले की एक दोष सर्वांना एकदम गाठतो, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. ते ज्याला माहीत आहे, तो आपल्या कार्यालयात पर्यायी व्यवस्था ठेवण्याचा आग्रह धरेल.

वर्धा रोड

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. इतिहास हवा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप ‘आजच्या दिवशी’ या मांडणीला आहे, कारण तारखेला चिकटलेला इतिहास बहुधा चुकीची गोष्ट मोठी करतो. भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना दिल्लीत फोन केला, आणि दरवर्षी त्या दिवसाची आठवण निघते. परंतु तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत आणि दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि मग रिक्षाचालकाला, भाजीविक्रेत्याला, नळ दुरुस्त करणाऱ्याला मोबाइल परवडू लागला, कारण फोन घ्यायला आता त्याला काहीच द्यावे लागत नव्हते. देश बदलला तो दरपत्रकाने, आणि त्या दिवसाचे स्मरण कुणी करीत नाही.

दुसरे उदाहरण सी-डॉटचे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ लाइनचे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकात कित्तूर येथे बसवले. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे; हे यंत्र तिच्याशिवाय, उन्हाळ्यात आणि धुळीत चालावे अशा रीतीने रचले होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या विदर्भात या एका निर्णयाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण तो निर्णय कोणत्या तारखेच्या चौकटीत बसवणार? विद्यार्थ्याला त्यामागचा विचार शिकवायचा आहे, आणि एखादे यंत्र कुठे, कोणाच्या हातात आणि कोणत्या हवामानात चालणार, हा प्रश्न विचारण्याची सवय लावायची आहे.

महालवासी

एक धोका कुणीच मांडला नाही. वृत्तपत्रांत इतिहास आला की तो गौरवगाथा होतो. अमेरिकेने महासंगणक नाकारला आणि १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने परम ८००० हा महासंगणक उभा केला, हे सर्वांना पाठ असते. त्या महासंगणकावर पुढे कोणते काम झाले, हे क्वचितच छापले जाते. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हाही मी वाचलेल्या बहुतेक लेखांत आठवणींचे उमाळे होते आणि ती सेवा तोट्यात का गेली याचा हिशेब नव्हता. असा इतिहास रोज वाचण्यापेक्षा फोनची किंमत वाचलेली बरी, निदान ती तपासता येते.

धरमपेठकर

वर्धा रोड यांचा मुद्दा मला पटला. प्रस्तावातील तारखेची अट मी काढून टाकतो. निम्म्या जागेची मागणी मात्र कायम ठेवतो.

इतवारीकर

तारीख काढली तरी माझा विरोध राहतोच, आणि महालवासी यांच्या शेवटच्या वाक्यामुळे तो अधिक पक्का झाला आहे. चुकीची बातमी दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, कारण तिची झळ बसलेला माणूस संपादकांना फोन करतो. चुकीच्या इतिहासाची झळ कुणालाच बसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरवला जातो. ज्या पानाला एकच उपसंपादक आणि संध्याकाळचे दोन तास मिळतात, तेथे म्यूल आणि रिंग चाती यांतील फरक कोण पडताळून पाहणार? आठवड्यातून एकदा, जाणकाराकडून लिहून घेतलेला आणि त्याच्या नावानिशी छापलेला लेख असेल, तर रविवारच्या पानाला माझी हरकत नाही. सोमवार ते शनिवार ती जागा बातमीचीच राहावी.