मारुती ८०० साठी हलके बॉनेट आणि डिकी: ॲल्युमिनियम की फायबर?

धागाकर्ता:
जुळे सोलापुरात घराच्या आवारात मी एक जुनी मारुती ८०० नव्याने उभी करत आहे. बॉनेट आणि डिकीचे झाकण कडांशी गंजून गेल्यामुळे ते बदलणे भागच आहे. तेव्हा त्यासोबत वजनही कमी करता आले तर पाहावे, असा विचार आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा की फायबरचे भाग घडवून घ्यावेत, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, परंतु त्याचा ताठपणाही त्याच प्रमाणात कमी असल्यामुळे ०.८ मिमी पोलादी पत्र्याच्या जागी तेवढ्याच जाडीचे ॲल्युमिनियम बसवल्यास बॉनेट वेगात थरथरेल. १.२ मिमी पत्रा घेतल्यास ताठपणा जवळपास मूळचा राहून वजन निम्म्यावर येते. ५०५२ प्रतीचा पत्रा मागावा. ६०६१-टी६ ही अधिक कठीण प्रत असून तिचा पत्रा अरुंद वळणावर तडकतो. पोलादाला जिथे टेकेल तिथे सीलंटचा थर द्यावा, अन्यथा ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

प्रतिसाद २:
वरील हिशेब बरोबर आहे, पण तो मी सपाट भागांपुरताच मानेन. बॉनेटला दोन्ही दिशांनी बाक असतो आणि तो हाताने ठोकून काढणारा कारागीर सहज मिळेल असे मला वाटत नाही, म्हणून तिथे फायबरच योग्य. गंजलेले बॉनेट भंगारात देऊ नका. कडा पुट्टीने भरून, घासून, मेणाचे हात दिले की त्यावरूनच साचा निघतो. गाड्यांचे काम न केलेला, पण फायबरच्या टाक्या किंवा पाट्या घडवणारा माणूसही हे करू शकेल. फायबरचे थर ज्यात भिजवतात त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) साधारण १ ते २ टक्के घालतात. मात्र आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रेझिन भांड्यातच आळते, त्यामुळे काम पहाटे आणि थोडे थोडे कालवूनच करावे. कोबाल्ट (रेझिन आळण्याची क्रिया वेगवान करणारे द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. बिजागरी आणि लॅचच्या जागी थरांमध्ये लोखंडी पट्टी गाडून घ्यावी. धावत्या गाडीचे बॉनेट उघडून काचेवर आदळले तर वाचवलेल्या किलोंचा काय उपयोग?

धागाकर्ता:
आभारी आहे. आरटीओची काही अडचण येईल का?

प्रतिसाद १:
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. आकार आणि रंग मूळचाच ठेवावा, आणि काम सुरू करण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे.